बीए करणाऱ्या पोरींनाही वकील व्हायचं असते, त्यांच्यासाठी चार ओळी छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दरवर्षी बारावीच्या निकालाच्या टायमाला करिअरचं पान येते आणि मी ते शाळेत होती तेव्हापासून वाचते. घरी पेपर येत नाही, चौकातल्या किराणा दुकानात येतो, तिथून संध्याकाळी मागून आणते, शिळा असतो पण चालते. यंदाच्या पानावर वकिलीबद्दल पण होतं. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, कशी द्यायची, नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात कसं जायचं, कोचिंग कोणती पाहायची. माहितीत चूक काही नव्हती. पण ती सगळी बारावीच्या पोरापोरींसाठी होती आणि त्यातही ज्यांची अकरावी-बारावी नागपूर-अमरावतीत ट्युशन लावून झाली त्यांच्यासाठी. आमच्यासारख्या ज्या पोरी बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात बीएला बसल्या, कारण एसटी तिथपर्यंतच जाते आणि संध्याकाळी पाचच्या गाडीनं घरी परत यावं लागते, त्यांच्यासाठी त्या अख्ख्या पानात एक ओळ नव्हती. जसं काही बारावीला ज्यानं ठरवलं नाही त्याचा विषय संपला.

आमच्या वर्गातल्या बऱ्याच पोरींना खरंच असंच वाटते. मी विचारलं तर म्हणे, वकिलीले तर बारावीनंतरच जावं लागते ना, आपलं आता काय. तर ती ओळ मीच लिहून टाकते. वकील व्हायचे दोन रस्ते आहेत, एक बारावीनंतर पाच वर्षांचा आणि दुसरा कोणतीही पदवी झाल्यावर तीन वर्षांचा, दोन्हीची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, वेगवेगळी असते. बीए, बीकॉम, बीएस्सी काही पण चालते, ओपनला ४५ टक्के, ओबीसी वगैरेंना ४२ आणि एससी-एसटीला ४० टक्के लागतात, सीईटीला वयाची अट नाही, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच ही परीक्षा देता येते, निकालाची वाट पाहत वर्ष घालवायची गरज नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी असली तरी चालते, फक्त दहावी-बारावी रीतसर झालेली पाहिजे. हे मुद्दाम लिहून राहिली कारण आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या अशा वहिनी आहेत की ज्यांनी लेकरं सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए काढलं आणि आता ती मार्कशीट पेटीत ठेवून दिली. लॉ मात्र घरबसल्या होत नाही, त्याला कॉलेजात जावंच लागते, वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमानं प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, ते पुढं सांगते.

आता परीक्षेचं. क्लॅटचा एवढा गवगवा काहून करतात मला समजत नाही, म्हणजे परीक्षा मोठी आहे हे खरं, पण ती पूर्ण इंग्रजीत असते आणि एक उत्तर चुकलं की पाव मार्क कटते. राज्याची तीन वर्षांवाली सीईटी १२० प्रश्नांची, दोन तासांची, कॉम्प्युटरवर, आणि तिच्यात चुकीला मार्क कटत नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचा नाही. इंग्रजी ४० मार्क, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायद्याची समज २४ आणि तर्क २४. आणि पेपर इंग्रजीसोबत मराठीतही असते. मला वाटते आमच्या भागातल्या पोरींसाठी ही सगळ्यात मोठी बातमी आहे आणि ती कोणी सांगतच नाही. इंग्रजीचे ४० सोडले तर ८० मार्कांचा पेपर तुम्ही मराठीत वाचून सोडवू शकता. पोरी इंग्रजीच्या भीतीनं फॉर्मच भरत नाहीत आणि पेपरचे तीनातले दोन हिस्से तर आपल्या भाषेत आहेत!

राहिलेल्या ४० चं काय, तर ते पण पाठ करायचं इंग्रजी नाही. आम्ही बीएला इंग्रजी गाईडमधून पाठ करून पास होतो, तेच तिथं नडते. तिथं उतारा वाचून अर्थ सांगायचा, शब्दाचा समानार्थी सांगायचा, वाक्यातली चूक पकडायची. त्याला रोज वाचायची सवय लागते आणि ती एका महिन्यात लागत नाही म्हणून बीएच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून सुरू करावं असं मी मैत्रिणींना सांगते. कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर येतो, त्याला कोणी हात लावत नाही, घडी तशीच असते. त्यातली एक बातमी अशी घ्यायची की जी आदल्या दिवशी मराठीत वाचून झाली आहे, मग अर्थ आपोआप लागते, डिक्शनरी कमी उघडावी लागते. मला या पद्धतीनं फायदा झाला. आणि वकील झाल्यावर इंग्रजीशिवाय भागत नाही असं जे म्हणतात त्यांना सांगा की हायकोर्टाचं खरं आहे, पण जिल्हा आणि तालुका कोर्टाची भाषा आपल्या राज्यात १९९८ पासून मराठी आहे. ज्या कोर्टात आम्हाला उभं राहायचं आहे तिथं आमचीच भाषा चालते.

कायद्याची समज म्हणून जे २४ मार्क आहेत त्यात आम्ही गावातल्या पोरी मागं पडू असं मला अजिबात वाटत नाही. त्यात एक तत्त्व दिलेलं असते, खाली एक घटना, आणि ते तत्त्व त्या घटनेला लावून उत्तर काढायचं, आपलं मत घालायचं नाही. समजा तत्त्व असं दिलं की दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीत परवानगीशिवाय शिरलं तर तो अतिक्रमणाचा दावा होते, नुकसान झालं पाहिजे असं नाही. आणि घटना अशी की शेजाऱ्यानं वखरताना धुरा, म्हणजे शेताचा बांध, दोन हात आत सरकवला पण तिथं पीक काहीच नव्हतं. दावा होते का? शहरातली पोरगी विचार करत बसल की धुरा म्हणजे काय. आम्ही लहानपणापासून धुऱ्याचीच भांडणं ऐकून राहिलो, पेरणीच्या आधी दरवर्षी कोणाचं ना कोणाचं असतेच, मोजणी आणली, पोलीस पाटलाकडं गेले, सरपंचानं मिटवलं, परत पुढच्या साली उकरलं. फक्त तिथं 'चूक कोणाची' हे गाव ठरवते आणि पेपरात ते वर दिलेल्या तत्त्वावरून ठरवायचं, एवढा फरक एकदा डोक्यात बसला की हा भाग मजेचा आहे.

सामान्य ज्ञानासाठी पेपर वाचणं, दुसरं काय. पण एक गोष्ट सावध राहून करा. सेकंड हॅण्ड पुस्तकं घेताना पाहून घ्या. १ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया), पुरावा कायदा गेले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. खुनाचं कलम ३०२ सगळ्या महाराष्ट्राला पिक्चर पाहून पाठ आहे, ते आता १०३ झालं. चारशे वीस पण गेलं, फसवणूक आता ३१८ मध्ये आहे. पंचवीस-तीस रुपयाला फुटपाथवर मिळणाऱ्या गाईडात जुनंच आहे आणि पोरी तेच पाठ करून राहिल्या. संविधान मात्र मराठीत नीट वाचून काढा, निदान मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं. राज्यशास्त्र विषय असणाऱ्यांना तर ते तसंही वाचावंच लागते, बीएला 'टाईमपास' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण साहेब, अभ्यास हा सोपा भाग आहे. खरी तयारी कागदाची असते आणि ती कोणत्याच करिअरच्या पानावर येत नाही.

सीईटीत मार्क चांगले पडले की मग कॅप राऊंड असते, म्हणजे कॉलेजचा पसंतीक्रम भरायचा आणि कागदपत्रं ऑनलाईन टाकायची, ते तपासतात. तिथं डोमिसाईल लागते, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात पडताळणी. आता पडताळणीला आजोबा-पणजोबाचा पुरावा लागते, एससीला १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आणि ओबीसीला १९६७ च्या आधीचा. आमच्या भागात आजोबा शाळेत गेलेच नाहीत अशी घरं काही कमी नाहीत, मग दाखला कुठला. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढायची, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात आणि नावापुढं जात लिहिलेली असते. पण ती सापडली पाहिजे, वाचता आली पाहिजे, आणि त्यात आजोबाचं नाव 'गणप्या' आणि आधार कार्डावर वडिलांच्या नावापुढं 'गणपतराव' असलं की परत प्रतिज्ञापत्र. माझ्या ओळखीच्या एका पोरीचा चांगला नंबर लागत होता, तिला एका ठिकाणी सांगितलं की साईट बंद आहे उद्या ये, उद्या म्हणे साहेब मीटिंगला गेले, तोवर राऊंड निघून गेला. कोणत्या ऑफिसात ते लिहीत नाही. ती आता ब्लाऊज शिवते, चांगली शिवते, पण ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते की पडताळणीचा अर्ज सीईटी पास झाल्यावर नाही तर बीएच्या दुसऱ्याच वर्षाला कॉलेजातून टाकून द्यावा. हा कागद एकदा मिळाला की जन्मभर पुरते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअरची मुदत मात्र ३१ मार्चला पाहावी लागते, मार्चमध्ये काढून ठेवलेला जूनमध्ये कामाचा राहत नाही असं होते. आणि लग्न झालेल्यांनी आधारवर नाव बदलायची घाई करू नये, मार्कशीटवर माहेरचं नाव अन् आधारवर सासरचं असलं की प्रत्येक टेबलावर तेच ते समजावून सांगत बसावं लागते.

आता 'मुलींना शिक्षण मोफत' याबद्दल. ही बातमी तुम्ही पहिल्या पानावर छापली होती आणि चांगलं केलं, कारण ती दाखवली म्हणून काही घरात बाप ऐकायला तरी तयार झाले. पण हेडिंगमध्ये जेवढं होतं तेवढं ते सोपं नाही. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, त्यानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, आधी ५० टक्के होती. पण प्रवेश कॅप राऊंडमधूनच झालेला पाहिजे. एखाद्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून डायरेक्ट घेतला तर काहीच मिळत नाही, आणि खाजगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठंही यात नाहीत. हे न समजल्यानं पोरींचे बाप कोणाच्या तरी ओळखीनं घाईघाईत सीट 'फिक्स' करून येतात आणि मग फुकटची सीट पैसे भरून पडते. एससी-एसटीच्या मुलींची शिष्यवृत्ती वेगळी, विमुक्त-भटक्यांची वेगळी, सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी साईटवर, बँकेचं खातं आधारशी जोडलेलं पाहिजे.

आणि माफ झाली ती फी. खोलीचं भाडं, मेस, बस यातलं काहीच माफ नाही. जवळचं लॉ कॉलेज म्हणजे आम्हाला यवतमाळचं अमोलकचंद, नाहीतर अमरावतीचं पंजाबराव देशमुख, दूर जायची हिंमत असल तर नागपूरला विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय. पश्चिमेकडच्यांना अकोला, पूर्वेकडच्यांना चंद्रपूरचं शांताराम पोटदुखे. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे हा मोठा आधार आहे, हे मान्य करावंच लागल. पण ७० टक्के हजेरी म्हणजे कापूस वेचायच्या दिवसांत पण रोज कॉलेज, आणि वेचाईच्या दिवसांत घरातली एक बाई कमी झाली तर काय होते ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, बाहेरचा मजूर किलोवर पैसे घेते. घरचं भांडण खरं तर इथंच असते, बाहेरच्यांना वाटते की बाप मागासलेला आहे म्हणून नाही म्हणते. तो हिशोब करते. त्यामुळं खोली घेऊन राहायचं असल तर वसतिगृहाच्या योजना आधीपासून पाहून ठेवा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, एससीसाठी स्वाधार आहे, ओबीसीसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे. पंजाबराव स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याच्या घरचे आणि बॅरिस्टर, त्यांच्या नावाचा भत्ता घेऊन शेतकऱ्याची पोरगी वकील झाली तर त्यात कोणाला लाज वाटायचं कारण नाही.

घरात मला विचारतात की वकीलच काहून, डीएड कर, नर्सिंग कर, लवकर पगार सुरू होते. माझं उत्तर आमच्या आत्याजवळ आहे. आत्याची सही घेतली होती हक्कसोडीवर, आजोबा वारल्यावर फेरफार करायच्या टायमाला. कोणी जबरदस्ती केली नाही. तलाठ्याकडं जायचं आहे म्हणून नवी साडी आणली, जेवण केलं, आणि रजिस्टर ऑफिसात अंगठा-सही झाली. आत्याला कोणी सांगितलं नाही की महाराष्ट्रानं १९९४ मध्येच अविवाहित मुलींना जन्मापासून हिस्सा दिला, २००५ मध्ये देशभर सगळ्याच मुलींना मिळाला, लग्न झालं असलं तरी, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्माच्या केसमध्ये सांगितलं की २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता यानं पण फरक पडत नाही. कदाचित समजल्यावरही तिनं सही केलीच असती, भावाशी कोण वाईट घेते, दिवाळीला माहेर पाहिजे ना. पण समजून केली असती. आत्याच्या नवऱ्याच्या आजारपणात तिनं जे दागिने मोडले ते मी पाहिले आहेत. आमच्या घरात याच्यावर बोलणं होत नाही, आणि हे पत्र छापून आलं तर बाबा दोन दिवस बोलणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी लिहिते. गावातली अशी कोणती बाई आहे की जी पुरुष वकिलाच्या टेबलासमोर बसून विचारल की मी सही नाही केली तर काय होते? तिच्यासोबत आलेलाही भाऊच असते.

पुढचा प्रश्न नेहमी असा असतो की मग जज होशील का. जज म्हटलं की घरच्यांचे डोळे चमकतात, वकील म्हटलं की नाही. पण तिथं २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायच्या आधी तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले, त्यांचा आम्हाला अभिमानच आहे. आणि निकालाचं कारण पण पटते, ज्यानं कोर्ट पाहिलं नाही त्यानं एकदम वर बसून निकाल कसा द्यावा. तरी मला वाटते याचा भार पोरींवर जास्त पडणार. बीए तीन, लॉ तीन, वर वकिलीची तीन, वय होते सत्तावीस-अठ्ठावीस, आणि आमच्याकडं चोवीसलाच शेजारची मावशी दर रविवारी स्थळ घेऊन येते. बरं त्या तीन वर्षांत ज्युनिअरला मिळते काय? बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनिअरला ग्रामीण भागात निदान १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावे. शिफारसच आहे ती. तालुक्याच्या ठिकाणी सिनिअर वकिलाचीच फी पक्षकार सोयाबीन विकल्यावर देते, ज्युनिअरला पेट्रोलचे पैसे मिळाले तरी नशीब. राज्य सरकारनं निदान ग्रामीण भागातल्या नव्या महिला वकिलांना पहिली तीन वर्षं काही विद्यावेतन द्यावं, यावर तुम्ही एक अग्रलेख लिहावा अशी माझी मागणी आहे. एक चांगली गोष्ट अशी झाली की सनद काढायची फी कमी झाली, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात लिहिली आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारणला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये. त्याच्या आधी हजारोंमध्ये जात होते.

काही जण म्हणतात की बाई वकील असली काय आणि पुरुष असला काय, कायदा तोच आहे. त्यांना आपल्याच विदर्भातलं मथुरा प्रकरण आठवण करून द्यावं वाटते. १९७२ सालची गोष्ट, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्हा होता आता गडचिरोली. मथुरा नावाची आदिवासी पोरगी, ठाण्यातच बलात्कार केल्याचा दोन पोलिसांवर आरोप. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, म्हणे अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही. त्यावर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात दोघी बाया होत्या, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात बाई म्हणाली की माझी संमती नव्हती तर कोर्टानं आधी ते धरून चालायचं असं ठरलं. हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही, कॉलेजातही नाही. मला ते सीईटीच्या अभ्यासात सापडलं. आमच्यापासून बसनं जाता येईल अशा गावातली ही केस आहे आणि लॉ शिकणारा देशातला प्रत्येक विद्यार्थी तिचं नाव ओळखते, फक्त आम्हीच ओळखत नाही.

आता मागण्या, म्हणजे पत्र लिहायचं मूळ कारण.

विद्यापीठाला एवढंच सांगणं की बीएच्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल कॅप राऊंडच्या आधी लागू द्या. सीईटीत पास आणि मार्कशीट हातात नाही, अशानं जागा जाते. तालुक्याच्या वकील संघांना विनंती की तुमच्या बार रूमच्या लायब्ररीत शनिवारी दोन तास कॉलेजच्या पोरींना बसू द्या, पुस्तकं नेणार नाही, तिथंच वाचू. कोर्ट तर तसंही सगळ्यांना उघडं असते, कोणीही मागच्या बाकावर बसून कामकाज पाहू शकते, पण पोरगी एकटी कोर्टात दिसली की लोक विचारतात काय केस झाली बाप्पा तुझी, म्हणून कोणी जात नाही. चार जणी मिळून जा. आणि तिथंच तालुका विधी सेवा समिती असते, तिच्याकडं बायांना वकील फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो, १९८७ चा कायदा आहे. त्यांना गावागावांत विधी स्वयंसेवक लागतात, त्यासाठी वकील असायची गरज नाही. बीए करता करता ते काम केलं तर सातबारा, पोटगी, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, सगळं डोळ्यानं दिसते, कोणत्याही क्लासपेक्षा जास्त.

कॉलेजच्या सरांना-मॅडमना पण सांगायचं आहे, पण नाव घेत नाही. करिअर मार्गदर्शनाच्या नावानं दरवर्षी पोलीस भरती आणि एमपीएससी हेच येते. एखाद्या वर्षी महिला वकील बोलवा, जिल्ह्याच्या कोर्टात आहेत ना.

तुमच्याकडून मात्र एकच पाहिजे. तीन वर्षांच्या लॉ सीईटीची नोंदणी साधारण हिवाळ्यात सुरू होते, तेव्हा आम्ही वावरात कापूस वेचत असतो आणि घरातला मोबाईल भावाजवळ असते. ज्या दिवशी नोंदणी सुरू होईल त्या दिवशी आमच्या तालुक्याच्या पानावर तारीख, फी आणि लागणारे कागद एवढं छापा, आणि शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी परत एकदा. शिक्षणाच्या पानावर नको, ते आमच्याकडच्या आवृत्तीत कधी येते कधी नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीखाली जागा उरली तरी चालल, ते पान गावात सगळेच पाहतात.

आपली वाचक,
बीए द्वितीय वर्ष, जि. यवतमाळ

ता. क. : माझं नाव आणि गाव छापू नये. आत्याचा भाग कापायचा असल तर कापा, पण पडताळणीचा आणि कॅप राऊंडचा कापू नका.